हा परत वाजता कर

“हा परत वाजता कर,” म्हणत लाडकीने फोन जिग्नेशच्या काउंटरवर आदळला. डोक्यावरची शेवळांच्या रानभाजीची पाटी तिने अजून उतरवलीही नव्हती.

तलासरी नाक्यावरच्या त्या मोबाइलच्या दुकानात लोक याच्या नेमकं उलटं काम घेऊन यायचे. जिग्नेशला हसू आलं. “मासी, आठ दिवसांमागे तुम्हीच म्हणालात ना, ही कटकट बंद कर म्हणून?”

म्हणाली होती खरी. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा घ्या. दिवसाला बारा-तेरा फोन. एक बाई तर रोज दुपारी लाडकीच्या गळणाऱ्या केसांची चौकशी करायची, सख्ख्या बहिणीने केली नसती इतक्या मायेने. जिग्नेशने वीस रुपये घेऊन फोनला वळण लावलं. ज्यांची नावं घातलीत तेच नंबर वाजतील, बाकीचे मुक्याने येतील नि मुक्याने जातील. आठ दिवस लाडकी सुखाने जेवली.

“आज सकाळी शेजारच्या हिरूच्या पोरीने फोन उघडून दाखवला. काल दुपारचा एकच नंबर, अकरा वेळा.” तिने पाटी खाली ठेवली. “मी उलटा लावला. सुरतेचा पानवाला निघाला, स्टेशनाबाहेरचा. म्हणे, एक बाई होती, कडेवर पोर. माझा फोन मागून लावत होती. म्हणत होती, आई ये म्हणाली तर गाडीत बसते.”

“मग?”

“मग काय. आई बोललीच नाही.”

जिग्नेशचं हसू गेलं. “मग तुमची नवशी गेली कुठे?”

“त्याला काय माहीत? त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. मान वर केली तोवर ती नव्हती.”

“पण मासी, लेकीचा नंबर नावाने घालून ठेवायचा ना. मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला.”

“कुठला घालू? तिचा फोन नवऱ्याने होळीच्या दिवशी भिंतीवर फोडला. तेव्हापासून मागून लावते. कधी रिक्षावाल्याचा, कधी दूधवाल्याचा, कधी कुणा वॉचमनचा. माझी पोर दर वेळी नव्या नंबरावरून येते रे. तू नेमकी तिलाच दाराबाहेर ठेवलीस.” मग तिचा आवाज खाली आला. “मागल्या खेपेला आली होती, तर मीच परत धाडली. सांभाळून घे म्हटलं. म्हणून विचारत होती. नाहीतर कोण विचारतं, आईच्या घरी येऊ का म्हणून?”

जिग्नेशने फोन उचलला, चार ठिकाणी बोट दाबलं. “झालं. आता सगळे वाजतील. ते कंपनीवाले पण.”

“वाजू देत. पण त्यांना माझा नंबर दिला कुणी?”

जिग्नेश फडकं घेऊन काच पुसायला लागला. काचेवर एक प्लास्टिकची मोठी बरणी होती, चिठ्ठ्यांनी अर्धी भरलेली. रिचार्ज केला की चिठ्ठी भरायची: नाव, गाव, मोबाइल. नशिबात असेल तर मिक्सर. लाडकीची चिठ्ठी नवशीनेच भरून दिली होती, आणि आत टाकण्याआधी लाडकीने ती कपाळाला लावली होती.

“ह्याच्यातून?”

“शनिवारी एक माणूस येतो, घेऊन जातो. पुढे कुठे जातात, आपल्याला नाय सांगत.”

“मिक्सर कुणाला लागला?”

“ड्रॉ व्हायचाय अजून.”

“दोन वर्षं झाली. आणि तुला काय लागलं?”

त्याची नजर वर गेली. वर पंखा खडखडत होता. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर बरणीवरच्याच कंपनीचं नाव फिरत होतं.

लाडकीनेही वर बघितलं. तिचा घाम त्याच वाऱ्याने वाळत होता.

“म्हणजे वाऱ्याला बसायचं म्हणून दिलास माझा नंबर. आणि फोन गप करायचे वीस रुपयेही तूच घेतलेस.”

“मासी, सगळेच दुकानवाले ठेवतात बरणी. मी एकटा नाय.”

तिने बरणीचं झाकण फिरवलं आणि सगळ्या चिठ्ठ्या पाटीत, शेवळांच्या जुड्यांवर ओतल्या. रिचार्जला आलेली एक बाई हातातली अर्धी भरलेली चिठ्ठी घेऊन तशीच उभी होती. लाडकीने हात पुढे केला. बाईने चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली.

“मासी, काय करता हे? तो माणूस आला तर मी काय सांगू?”

“सांग, लाडकी घेऊन गेली. त्याच्याकडे माझा नंबर आहे. लाव म्हणावं.”

ती पाटी उचलायला वाकली, एवढ्यात फोन वाजला. नुसता नंबर, नाव नाही. समोरचं माणूस तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “ये.”

पलीकडे रेकॉर्ड लागलेली होती. आपल्यासाठी खास कर्जाची योजना, मराठीसाठी एक दाबा. ते हसऱ्या आवाजातलं बोलणं कुणाचं ऐकून घेणारं नव्हतं. लाडकीने फोन कापला. रोज घालायची ती शिवीही घातली नाही.

ती दुकानाच्या पायरीवर बसली, पाटी शेजारी, फोन उताण्या तळहातावर. परत वाजला. “ये, नवशी.” प्लॉटवाला निघाला. तिसऱ्यांदा ती केसांची बाई. “तू नको गं,” लाडकी म्हणाली, “तू ठेव. मला लाइन मोकळी लागते.”

चौथ्यांदा वाजला तेव्हा जिग्नेशने मागे वळून पंख्याचं बटण बंद केलं. पाती हळूहळू थांबली.

“ये,” लाडकी म्हणाली.