दहा ते पाच

मोरकम या इंग्रजी गावात समुद्राकाठी नवा पोहण्याचा तलाव झाला आणि त्या उन्हाळ्यात गावात एक खोली रिकामी मिळेना. गिरणीच्या वार्षिक सुट्टीत तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या एल्सीला मिसेस क्रॉशॉंच्या घरात कशीबशी एक मिळाली. नियम मात्र सगळ्या गावाचाच होता: पाहुण्यांनी सकाळी दहाला बाहेर पडायचं, ते थेट पाचला परतायचं.

बुधवारी पाऊस नुसता कोसळत होता आणि बाळाचं अंग चटका बसेल इतकं तापलं होतं.

"आजच्या दिवस राहू द्या हो, मिसेस क्रॉशॉ. बघा तरी, कसा खोकतोय!"

"आज तुम्हाला राहू दिलं, तर उद्या बाकीचे पंधरा पाहुणेही खोकायला लागतील," म्हणत बाईंनी दार लावून घेतलं.

एल्सीने बाळाला शालीत घट्ट आवळलं. त्याचं कण्हणंही आता क्षीण झालं होतं. 'हिला पोटचं पोर असतं, तर कळलं असतं,' असं धुमसत ती घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली आणि आडोशासाठी तिने कोळशाच्या खोपटाचं दार ढकललं.

आत पोत्यांवर अंथरूण होतं. मिसेस क्रॉशॉंसारख्याच लाल केसांची पाच-सहा वर्षांची मुलगी त्यावर खोकत बसली होती.


"काकू, माझ्या खोलीत तुम्हीच राहता ना?" ती हळूच म्हणाली. "पलंगाखाली माझी बाहुली राहिलीय. आई म्हणते, सीझन संपेपर्यंत तिकडे जायचं नाही."