डबा गप झाला

पत्नी मंगलाबाई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा कोरीटचे धुडकूआप्पा घरीच बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडून बसले होते. चालू करताच त्याचा स्पीकर धप्पकन दणकायचा आणि गाणं नसलं तरी सारखा घूं घूं करायचा.

भाचीच्या हळदीत म्हटलेलं आपलं गाणं मंगलाबाईंना एकदा मोठ्या आवाजात ऐकायचं होतं. आप्पांच्या मोबाइलमध्ये ते होतंही. पण त्या म्हणायच्या, “आधी हाऊ डबा गप करा, मंग मन्हं गानं लावा.”

“लोके गानं ऐकतस, घूं घूं नही,” म्हणून आप्पा हसण्यावारी न्यायचे.

सुतकात कुठे जाणं नव्हतं. आप्पांनी डब्याच्या पत्र्याला जागोजागी जोडलेल्या अर्थिंगच्या तारा सोडवून एकाच बोल्टवर आणल्या. आउटपुटला मीटर लावून ऑफसेट, म्हणजे गाणं नसतानाही स्पीकरला दणका देणारा वीजदाब, शून्यावर आणला. मग बटण दाबलं आणि स्पीकरला कान लावून बसले.

दारातून वहिनी कडाडल्या, “आप्पा, घरमा सुतक शे आनि तुम्ही गानं लावी ऱ्हायनात?”

“इकडे या वहिनी, कान लावा. काय ऐकू येस?”

वहिनींनी वाकून कान लावला. “काहीच नही.”

“तेच लायेल शे, तिन्हासाठे.”

आता वर्षश्राद्धही उरकलं. सुतक केव्हाच फिटलं, डबा अजून गप आहे.


मंगलाबाईंचं गाणं लावायचं राहिलं आहे.