थोडं मागं घे

खरं प्रेम माणसाला निर्भय करतं, म्हणून जालिंदरनं इंग्रजी कॅसेट पेपरात गुंडाळून आणली. श्रीरामपूरच्या व्हिडिओवाल्या अण्णांनी ती ‘कौटुंबिक’ फळीवर ठेवली होती, कारण पिक्चरमध्ये हिरॉईनच नव्हती. कॉलेजातली दोन पोरं एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. रविवारी चर्च उरकून कॉलेजमित्र सायमन बघायला आला. पडद्यावर एकानं दुसऱ्याचा हात धरला, तेव्हा जालिंदर सायमनकडेच बघत होता. आता हा हसेल, नाहीतर उठून जाईल. “जाल्या, थोडं मागं घे की,” म्हणत सायमननंच हात धरला. चित्रावर मुंग्या येईपर्यंत दोघं दुपारभर तेवढंच मागं घेत राहिले. सोमवारी जालिंदरनं मान खाली घालून कॅसेट परत दिली. “अण्णा, एका जागी खराब झालीय.” “हात धरत्यात तिथं ना?” अण्णा म्हणाले. “पहिल्यापासूनच खराब हाय. समदं गाव तिथंच मागं घेतंय.”