भोंगा

प्रियाने लॅपटॉपवर सर्व्हर चालू केला, ब्राउझरमध्ये गावासाठी बनवलेलं आपलं पान उघडलं आणि ‘वाघ दिसला’ हे बटण दाबलं. पडदा लालभडक! भोंगा असा ठणाणला की शेजारची रुखमाकाकी मोह वेचायची टोपली टाकून धावत आली.

“मंग आता वाघ आला का माहा मोबाइल बी असाच बोंबलन?”

“बोंबलन ना, काकी!” प्रिया हरखून म्हणाली. सर्व्हर अजून फक्त तिच्याच लॅपटॉपवर चालत होता, गावातल्या मोबाइलपर्यंत तो पोचवायचं काम बाकी होतं. पण एवढ्या आनंदात ते कोण सांगत बसणार!

रोज बाया घोळक्याने, डबे बडवत मोहाखाली जायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे काकी एकटीच निघाली. “आता डबा कायले बडवू? पोरीनं भोंगा लावून देल्ला ना!”

थोड्या वेळाने गावातला देवाजीभाऊ धापा टाकत प्रियाकडे आला. “मोहाजवळच्या नाल्यावर वाघ हाय वं!” प्रियाने बटण दाबलं. भोंगा वाजला, तिच्याच खोलीत.

दुपारी पंचनाम्यात काकीचा मोबाइल सापडला. वाजला तर नक्की ऐकू यावा म्हणून तिने त्याचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता.