सही केलेला कागद

"हरलास तर कोर्टाच्या पायऱ्यांवर चार पायांवर व्हायचं आणि मिसीसारखं हेल काढून तीनदा भुंकायचं," होबर्ट न्हाव्यानं वस्तरा रोखून सांगितलं. "कबूल?"

"कबूल! रॅन्डल सुटला तर मी, आणि तो तुरुंगात गेला तर तू भुंकायचंस, टकल्या," व्हर्जिल तोंडाला फेस असतानाच म्हणाला. दुकानात हशा पिकला.

मिसी म्हणजे व्हर्जिलची शिकारी कुत्री. बायको गेल्यापासून घरात तेवढाच एक आवाज उरला होता. महिन्यापूर्वी तिला कुणीतरी कुंपणातून उचललं. आठवड्यानं पोलिस ब्रॅक्स्टननं गावातल्याच रॅन्डलची गाडी नेमकी व्हर्जिलच्या दारासमोर अडवली. लायसन्स रद्द झालेलं. बेड्या घातल्या, झडती घेतली, आणि खिशातून मिसीचा कापलेला पट्टा निघाला. "हा माझ्या खिशात नव्हताच!" रॅन्डल बोंबलला. सापडलेला प्रत्येक जण हेच बोंबलतो.

"चोर सापडला, विषय संपला," व्हर्जिल म्हणाला.

"संपला कसा?" होबर्ट म्हणाला. "लायसन्स नसताना गाडी चालवली, एवढ्याशा गुन्ह्याला अटक नाही, असा राज्याचा कायदाय. समन्स द्यायचं, सही घ्यायची, सोडायचं. सहीला नाही म्हटलं तरच बेड्या. अटकच चुकीची, तर पट्टा कसला पुरावा?"

"म्हणजे पट्टा खोटं बोलतो होय रे?"

सगळे पुन्हा हसले. व्हर्जिलही हसला, पण आरशात बघायचं त्यानं टाळलं. त्या दिवशी ओसरीवर बसून त्यानं सगळं पाहिलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी ब्रॅक्स्टननं त्याला कोर्टाच्या बोळात गाठलं. पायात शिकारीचे बूट. उद्यापासून हंगाम सुरू होता आणि हा बाबा कोर्टातूनच परस्पर शेजारच्या राज्यात शिकारीला निघायचा होता.

"मी सांगणारे, त्यानं सही नाकारली," ब्रॅक्स्टननं खांद्यावर हात ठेवला. "तू फक्त म्हण, दिसलं नाही. मिसीसाठी."

जजबाईंनी सरळच सांगितलं, "सही नाकारली असेल तर अटक बरोबर. केली असेल तर पट्टा बाद, आणि खटलाही. मिस्टर व्हर्जिल टॅकेट, तुम्ही काय पाहिलंत?"

व्हर्जिलनं टेबलावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्याला मिसीचे दोन-चार केस अजून चिकटलेले होते. 'दिसलं नाही' जिभेवर आलं होतं. पण गाडीच्या टपावर कागद ठेवून मुकाट्यानं सही करणारा रॅन्डल डोळ्यांपुढून हलेना.

"केली होती सही," तो म्हणाला. "ब्रॅक्स्टननं कागद चुरगाळून खिशात घातला. मग बेड्या घातल्या."

अर्ध्या तासात रॅन्डल मोकळा झाला.

बाहेर गाव जमलं होतं. रस्त्याला लागून पिकअप गाड्या उभ्या, मागे शिकारीला कुत्री न्यायच्या पत्र्याच्या पेट्या. होबर्टचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता.

"सोड रे व्हर्जिल. गमतीत म्हटलेलं मी."

"पैज म्हणजे पैज. फुकटचा मोठेपणा नको."

तो सावकाश गुडघ्यांवर आला. पंजे टेकले. पहिल्यांदा भुंकला तेव्हा पोरंटोरं हसली. दुसऱ्यांदा कुणीच हसलं नाही. या डोंगरात काळोखातही जो तो आपल्या कुत्र्याचा आवाज ओळखतो, आणि म्हातारा अगदी हुबेहूब मिसीचा आवाज काढत होता. रॅन्डलनं टोपी काढून हातात घेतली.

तिसऱ्यांदाचा हेल संपायच्या आतच उत्तर आलं. तसंच खोल, तसंच लांब. ब्रॅक्स्टनच्या पिकअपमागच्या बंद पेटीतून.