जोसाया थॉर्नबीचं पत्र

तिसऱ्यांदा वाचूनही पत्रातला मजकूर तोच राहिला. पद्मजाने ते टेबलावर ठेवलं.

जोसाया थॉर्नबी हा न्यू जर्सीचा नावाजलेला वकील, १८१७ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेलेला. गुलामांना दक्षिणेत नेऊन विकण्याविरुद्ध त्याने केलेलं भाषण त्याच्या गावातल्या शाळेत अजून पाठ करून घेत. त्याच्यावरच पद्मजाचा पीएचडीचा प्रबंध होता. नागपूरहून येऊन तिला पाच वर्षं झाली होती.

पत्र त्याने भावाला लिहिलेलं, भाषणाच्या आदल्याच आठवड्यात. घरातल्या गुलाम बाईची डायना नावाची आठ वर्षांची मुलगी त्याने दक्षिणेतल्या लुइझियानाच्या दलालाला विकली होती. "गाडी निघेपर्यंत तिच्या आईला कळू देऊ नकोस," असंही बजावलं होतं.

हे सगळे कागद एका खोक्यात, त्याच्या वंशातल्या शेवटच्या बाईंच्या घरी होते, आणि तिथेच बसून वाचायचे होते. मिस थॉर्नबी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "माझ्या परवानगीशिवाय एक ओळही छापायची नाही."

बाई आत कॉफी करत होत्या. पद्मजाने एडिसन गावी आपल्या रूममेटला, रेणूला, फोन लावून पत्रात काय आहे ते हळू आवाजात सांगितलं.

"यार, परत ठेवून दे," रेणू म्हणाली. "डिसेंबरमध्ये थीसिसचा डिफेन्स आहे तुझा. त्यांनी परमिशन कॅन्सल केली तर? व्हिसाचं काय करशील?"

"आणि ती मुलगी?"

"तिला जाऊन किती वर्षं झाली, पद्मजा."

ट्रे घेऊन बाई आल्या. पद्मजाने फोन ठेवला. पत्र नुसतं खोक्यात सरकवलं असतं तरी भागलं असतं. तिने ते बाईंपुढे केलं.

"हे मला प्रबंधात घ्यावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर प्रबंध सोडेन. पण हे वगळून त्यांचं चरित्र मला लिहिता येणार नाही."

बाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"याचा फोटो काढलास?"

"नाही."

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही."

बाई पत्र घेऊन उठल्या आणि फायरप्लेसपाशी गेल्या. आत लाकडं धगधगत होती. पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं तिला वाटलं, पण ती जागेवरच थांबली.

बाई तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि पत्र तिच्या हातात दिलं.

"दर वेळी हे मीच खोक्यात सगळ्यात वर ठेवते," त्या म्हणाल्या. "तुझ्याआधी चौघे संशोधक आले. चौघांनीही ते परत ठेवलं, आणि माझ्या पूर्वजांचं तोंडभरून कौतुक करत कॉफी पिऊन गेले."