एकही तक्रार नाही

खोलीत तीन खाटा होत्या, तीन पेशंट आणि सोबतीला एकट्या आजी. कॅन्सरचं नवं औषध माणसाला झेपतं का, याची चाचणी चालली होती. ज्याला त्रास होईल, त्याचा डोस बंद. आजोबांसाठी दुसरं औषध उरलं नव्हतं, हे आजींनाही ठाऊक होतं.

“काही तक्रार, आजोबा?” नर्सने विचारलं.

“छे! ठणठणीत आहे.”

“चहा घेतलात?”

“फक्कड होता.”

नर्स खूश होऊन पुढच्या खाटेकडे वळली. आजींनी तिचा हात धरला.

“अगं सिस्टर, चाळीस वर्षं माझ्या चहाला नावं ठेवल्याशिवाय या माणसाचा एक दिवस गेला नाही. आणि तुमचं हे कोमट पाणी फक्कड? आधी थर्मामीटर लाव.”

“फितूर!” आजोबा पांघरुणातून पुटपुटले.

ताप एकशे तीन निघाला.